मांजराची नखं: जिव्हाळी सांभाळून कशी कापायची

नेलकटर हातात घेण्याआधी मांजराचा पुढचा पंजा एकदा खिडकीच्या उजेडात धरून बघा. बोटाला वरून अंगठ्याने आणि खालून गादीला तर्जनीने हलकेच दाबलं की नख बाहेर सरकतं. ते आपल्या नखासारखं पसरट नसतं. दोन्ही बाजूंनी चपटं आणि खाली वळलेलं, कोयत्याच्या टोकासारखं असतं. मुळाकडे नखाच्या आत गुलाबी त्रिकोण दिसतो. तीच जिव्हाळी. तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. तिच्या पुढचा पांढुरका, काचेसारखा भाग निर्जीव असतो, आणि आपल्याला कापायचं असतं ते त्याही भागाचं फक्त टोक. हा फरक डोळ्यांना नीट दिसू लागला की निम्मी भीती तिथेच संपते.

नखं एकूण १८. पुढच्या प्रत्येक पंजाला पाच, मागच्या प्रत्येकाला चार. पुढचं पाचवं नख आतल्या बाजूला, थोडं वर असतं. ते अंगठ्याचं. चालताना ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजतही नाही. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच, आणि गोल वाढून बोटाच्या गादीत रुततं तेही बहुतेक वेळा हेच. काही मांजरांना जन्मतःच जास्त बोटं असतात. त्यांच्या बोटांच्या बेचक्यात एखादं नख लपलेलं असू शकतं, म्हणून पंजा एकदा नीट मोजून घ्यावा.

मांजर निवांत असताना नख आत ओढून धरण्याचं काम बोटातली एक लवचीक पट्टी करते. त्यासाठी मांजराला जोर लावावा लागत नाही. नख बाहेर काढायचं असलं की खालची शिर ताणली जाते. आपण बोट दाबतो तेव्हा नेमकं हेच घडवून आणतो, म्हणून हलक्या दाबानेही नख बाहेर येतं. येत नसेल तर जोर वाढवू नका, बोटाची पकड बदला. लहान पिल्लाला साधारण चार आठवड्यांपर्यंत नखं आत घेता येत नाहीत. तोवर ते गोधडीत, स्वेटरमध्ये, आपल्या ओढणीत अडकतं. तो त्याचा खोडकरपणा नसतो.

आणखी एक गोष्ट माहीत असली म्हणजे घाबरगुंडी उडत नाही. सोफ्याखाली, गादीच्या कडेला कधी कधी अख्खं नख पडलेलं सापडतं. हातात घेऊन बघा: आतून पोकळ, एका बाजूने फाटलेलं, भाताच्या तुसासारखं हलकं, नखाचाच बाक असलेलं. नख तुटलेलं नसतं, त्याचं वरचं जुनं टरफल गळलेलं असतं. मांजराचं नख कांद्यासारखं थरांचं असतं. बाहेरचा थर जुना झाला की निघून जातो आणि आत नवं, धारदार टोक तयार असतं. पुढच्या पायांची टरफलं मांजर कुठेतरी ओरबाडून काढतं, मागच्या पायांची दातांनी ओढून. सोफा ओरबाडण्यामागे त्याच्या शरीराची ही गरज असते, हे घरातल्या प्रत्येकाला समजलं पाहिजे. त्यासाठी मांजराला मार मिळू नये.

कापायची कोणाची, किती दिवसांनी

घरातच राहणाऱ्या मोठ्या मांजराची पुढची नखं दोन ते तीन आठवड्यांनी. पिल्लांची नखं सुईसारखी असतात आणि भराभर वाढतात, म्हणून आठवड्या-दीड आठवड्याने. मागची नखं बोथट असतात, ती महिन्यातून एकदा बघितली तरी चालतं, आणि गरज नसेल तर राहू द्यावीत.

म्हाताऱ्या मांजराकडे मात्र जास्त लक्ष हवं. दहा-बारा वर्षांचं मांजर कमी हिंडतं, सांधे दुखत असले तर ओरबाडतही नाही. मग टरफलं गळायची थांबतात, थरावर थर चढून नख जाड होतं, पूर्ण आत जात नाही, फरशीवर चालताना टकटक आवाज येतो. तो आवाज ऐकू आला की त्याच दिवशी पंजे बघावेत. अशा मांजराचे पंजे दर आठवड्याला तपासा. नखं एकाएकी जाड होऊ लागली आणि मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यायला हवी.

घरातली आजी म्हणते, "मांजराची नखं कापू नये गं, त्याने शिकार कशी करायची?" बाहेर फिरणाऱ्या मांजराच्या बाबतीत आजींचं बरोबर आहे. इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या कौलांवरून, गच्च्यांवरून हिंडणाऱ्या मांजराला कुत्र्यापासून पळून झाडावर चढायला नखं लागतात. त्याची पुढची नखं कापू नका. अंगठ्याचं नख रुतत नाही ना, एवढं बघा. फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मांजराची गोष्ट वेगळी आहे.

आधी पंजा, मग कात्री

बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी चूक होते. दोघं मिळून मांजराला पंचात गुंडाळतात, एक धरतो, दुसरा कापतो, मांजर किंचाळतं, कोणाला तरी बोचकारतं, आणि त्यानंतर वर्षभर नेलकटर दिसलं की ते पलंगाखाली जातं. कापायचं काम पाच मिनिटांचं आहे. त्याआधीचे पंधरा दिवस हेच खरं काम आहे, आणि ते टाळून पुढे जाता येत नाही.

पहिले चार दिवस फक्त पंजाला हात लावायचा. वेळ निवडायची ती जेवणानंतरची, मांजर सुस्तावलेलं असतानाची. इंदूरच्या उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर ते आडवं पसरलेलं असतं, ती उत्तम वेळ. पंजा दोन सेकंद हातात घ्या, सोडा, लगेच खाऊ द्या. पंजा मागे ओढला तर धरून ठेवू नका, ओढू द्या. धरल्यावर सुटका होते हे एकदा कळलं की मांजर पंजा ओढायचंच थांबवतं. पाचव्या ते आठव्या दिवशी बोट दाबून नख बाहेर काढायचं, तीन मोजायचे, सोडायचं. दिवसाला दोन-तीन बोटं पुरेत.

नवव्या दिवसापासून आवाजाची सवय. कच्च्या शेवईची काडी मांजराच्या पंजाशेजारी धरून नेलकटरने कट्‌कन तोडा आणि खाऊ द्या. मांजराला कापण्यापेक्षा त्या आवाजाचा धसका जास्त असतो. तीन-चार दिवसांत ते त्या आवाजाकडे आशेने बघू लागतं. मग बाराव्या-तेराव्या दिवशी एक नख. एकच. त्यानंतर रोज दोन किंवा तीन. १८ नखांना आठवडा लागला तरी काही बिघडत नाही.

खाऊ म्हणजे उकडलेल्या कोंबडीचा धागा, बिनमिठाचा. शाकाहारी घरात पनीरचा चण्याएवढा तुकडा किंवा बोटावर घेतलेलं थोडंसं तूप चालतं. शेव मात्र अजिबात नाही. इंदुरात ती प्रत्येक घरात हाताशी असते आणि मांजर वासाने येतंही, पण लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. लसणाची शेव तर डब्यातच राहू द्या.

दिवस निवडतानाही शहराकडे लक्ष ठेवा. रंगपंचमीच्या गेरीचा (रंगांच्या मिरवणुकीचा) दिवस, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (देखाव्यांच्या मिरवणुकीची) रात्र, दिवाळीचा आठवडा या काळात मांजर आधीच दचकलेलं असतं. सवय लावायची सुरुवात तेव्हा करू नये. चालू असेल तर ते चार-पाच दिवस सोडून द्यावे.

कापताना

हत्यार धारदार हवं, हीच मोठी अट. मांजरांसाठी मिळणारी छोटी कात्री सगळ्यांत सोपी. तिच्या दोन्ही पात्यांना अर्धगोल खाच असते, त्यात नख बसतं. आपलं नेलकटर पिल्लांच्या नखांना चालतं, पण मांजरासाठी वेगळं ठेवावं. पातं बोथट झालं की नख कापलं जाण्याऐवजी चिरडतं, त्याचे थर सुटतात, फाटतं, आणि दाब थेट जिव्हाळीला लागतो. रक्त न येताही मांजर ओरडलं तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. पातं बदला.

मांजराला मांडीवर घ्या, पाठ तुमच्या पोटाकडे, तोंड बाहेरच्या बाजूला. समोरासमोर बसवलं तर त्याला कोंडल्यासारखं वाटतं. उजेड खिडकीचा असावा, ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर तुमच्याच हाताची सावली नखावर पडते. डाव्या हाताने पंजा धरा, तो मांजर जसा ठेवतं तसाच, शरीराजवळ. बाजूला किंवा वर ओढलेला पाय खांद्यात दुखतो, आणि मांजर त्या दुखण्याने सुटायला बघतं.

बोट दाबा, नख बाहेर आलं की जिव्हाळी शोधा. तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर सोडून, टोकाचा मोहरीच्या दाण्याएवढा भाग कापा. कात्री अशी धरा की एक पातं नखाच्या वर आणि एक खाली येईल. दोन्ही बाजूंनी चेपून कापलं तर चपटं नख उभं चिरतं. कट एकाच झटक्यात, अर्धवट दाबून थांबायचं नाही. नख गडद रंगाचं असेल आणि जिव्हाळी दिसत नसेल तर मागून मोबाइलचा टॉर्च धरा. तरीही दिसली नाही तर जिथे नख आकड्यासारखं वळून बारीक होतं तेवढंच टोक घ्या. कमी कापलं तर दहा दिवसांनी पुन्हा कापता येतं.

खूप वाढलेल्या नखात जिव्हाळीही पुढे आलेली असते. ते नख एकाच दिवशी लहान करायच्या मागे लागू नका. दर आठवड्याला टोक घेत राहिलं की जिव्हाळी हळूहळू मागे जाते.

थांबायचं कधी, हे मांजर सांगतं. शेपटीचं टोक आपटू लागलं, कान मागे पडले, पाठीची कातडी लहरली, गळ्यातून बारीक गुरगुर आली, की हातातलं नख झालं असो वा नसो, कात्री खाली ठेवा. फिसकारेपर्यंत वाट बघायची नाही. मानगूट धरून लटकवायचं तर मुळीच नाही. मोठ्या मांजराचं वजन मानेच्या कातडीवर पेलत नाही.

रक्त आलं तर

येतं कधी तरी. एक थेंब, फार तर दोन-तीन. मांजर दचकतं, आपण त्याहून जास्त. म्हणून कापायला बसण्याआधी बाटलीच्या झाकणात एक चमचा कॉर्नफ्लॉवर काढून ठेवा. पांढरं, बारीक कॉर्नफ्लॉवर. भुट्ट्याचं पिवळं पीठ नव्हे, ते भरड असतं आणि चिकटत नाही. नखाचं टोक त्यात बुडवा आणि स्वच्छ कापसाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. मधेच उचलून बघायचं नाही, बघितलं की धरलेली गुठळी सुटते. तुरटीची पूडही रक्त थांबवते, पण ती झोंबते, म्हणून ती दुसऱ्या पर्यायाला ठेवा. रक्त थांबल्यावर तासभर उड्या मारू देऊ नका आणि त्या दिवशी आणखी नखं कापू नका.

डेटॉल किंवा फिनेलच्या जातीचं काहीही पंजाला लावू नका. मांजर पंजा चाटणारच, आणि फिनॉलवर्गीय औषधं पचवून बाहेर टाकायची सोय त्याच्या यकृतात जवळजवळ नाही. टी ट्री तेलाचंही तसंच. आणि दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉलचा चतकोर तुकडासुद्धा देऊ नका. त्याने मांजर मरतं.

पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही, किंवा नख मुळापासून फाटून लोंबत असेल, तर ते ओढू नका. स्वच्छ कापड हलकं गुंडाळून डॉक्टरांकडे न्या. बोटाच्या मुळाशी सूज, पू, सारखं चाटणं, लंगडणं, नखाभोवती तपकिरी खरपुड्या, भुसभुशीत नखं (पावसाळ्यात बुरशीने होतात), ही सगळी डॉक्टरांची कामं. म्हाताऱ्या मांजराची दोन-तीन बोटं एकदम सुजली तर छातीचा एक्स-रे काढायला सांगतात आणि तो काढावा. फुफ्फुसातली गाठ कधी कधी आधी बोटांत दिसते. इंदुरात खासगी दवाखाने आहेत, आणि मोठ्या तपासण्यांसाठी महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय २५ किलोमीटरच्या आसपास आहे.

मांजराची नखं कायमची काढून टाकण्याबद्दल कोणी सुचवलं तर ऐकू नका. नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं, म्हणून नख काढणं म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर छाटणं. अनेक मांजरं नंतर दुखऱ्या पायांवर चालतात. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये यावर कायद्याने बंदी घातली.

नख कापडात अडकलं तर

मांजर मांडीवरून उतरताना नख महेश्वरी साडीच्या पदरात अडकतं. आपण झटकन पंजा मागे ओढतो, मांजरही ओढतं, आणि रेशमाचा धागा वीतभर बाहेर येतो. नख आकड्यासारखं आहे, ओढलं की ते जास्त रुतणार. उलट करा: पंजा कापडाच्या दिशेने थोडा पुढे आणि वर ढकला, कापड सैल सोडा. आकडा आपोआप सुटतो. कातडीत नख रुतलं तरी हीच रीत. हात मागे खेचला की साधा टोचा लांब चिरा होतो.

बोचकारलंच, तर साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही भरू नका. ओरखडा कितीही बारीक असला तरी त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवा, रेबीजची लस घ्यायची का ते त्यांनाच ठरवू द्या. मांजर घरातलं असलं तरी त्याला तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे दरवर्षी रेबीजची लस दिलेली असावी.

ओरबाडायचा खांब

नखं कापली म्हणून ओरबाडणं थांबत नाही. बोटांमधल्या ग्रंथींचा वास तिथे सोडायचा असतो, पाठ ताणायची असते, टरफलं काढायची असतात. म्हणून खांब हवाच. बाजारात मिळणारे बुटके, हलके खांब मांजर एकदा हलवून बघतं आणि सोडून देतं. घरी बनवलेला चांगला होतो.

चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, ८० सेंटिमीटर लांब. मोठ्या मांजराला मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणता यावं म्हणून इतकी उंची लागते. तळाला १८ मिलिमीटर जाड प्लायवुड, ४५ बाय ४५ सेंटिमीटर. पाइपच्या आत घट्ट बसेल असा लाकडी ठोकळा, पाच सेंटिमीटर जाड, प्लायवुडच्या मधोमध ठेवून खालून चार स्क्रू मारा. त्यावर पाइप बसवून बाजूने आणखी चार. पाइपमध्ये तळाशी तीन-साडेतीन किलो कोरडी वाळू, दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधून, सोडा. वजन खाली राहिलं की खांब डोलत नाही. वरच्या टोकाला हाताने जोरात ढकलून बघा. तुमच्या हाताने कलंडला तर मांजराच्या अंगावरही पडेल, आणि एकदा पडलेल्या खांबाकडे ते पुन्हा येत नाही.

दोरी सिसलची, म्हणजे घायपाताच्या वाखाची, ८ मिलिमीटर. तळाशी सांधा सोडून ७५ सेंटिमीटर भाग गुंडाळायला ३५ मीटर लागते, म्हणून ३६-३७ मीटर आणा. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. तागाची दोरीही चालते, फक्त तिला तेलाचा वास असतो, दोन-तीन दिवस उन्हात टाका. नायलॉन नको: ते गुळगुळीत असतं, नख त्यात अडकतं आणि सुटलेले धागे मांजर गिळतं. दोरीचं टोक पाइपला भोक पाडून आत ओवा, मग वर चढत जा. दर चार-पाच वेढ्यांना सुताराचा गोंद लावा आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर दाबून बसवा. फट राहिली तर महिन्याभरात सगळी दोरी सैल होते.

खांब गॅलरीत ठेवू नका. जो सोफा ओरबाडला जातोय त्याच्या त्याच कोपऱ्याला चिकटून ठेवा, किंवा मांजर झोपतं तिथे, कारण उठल्या उठल्या ते आळस देतं आणि नखं घासतं. सोफ्याच्या त्या कोपऱ्यावर तीन-चार आठवडे जाड चादर घट्ट खोचा. मांजराचे पंजे धरून खांबावर घासून दाखवू नका, त्याने ते फक्त घाबरतं. तुम्हीच आपली नखं दोरीवर खरखर घासा, त्या आवाजाने ते येतं. सवय झाली की खांब दिवसाला आठ-दहा सेंटिमीटर असा हव्या त्या जागी सरकवत न्या.

काही मांजरांना उभा खांब आवडतच नाही, त्यांना आडवं लागतं. पायपुसणं किंवा गालिचा ओरबाडणारं मांजर त्यांतलं. त्याच्यासाठी फळीवर गोणपाट ताणून ठोका, खिळ्यांची टोकं खालच्या बाजूला वाकवून.

सहा-आठ महिन्यांत दोरी चिंध्या होते आणि खांब दिवाणखान्यात वाईट दिसायला लागतो. तरी तो लगेच बदलू नका. त्या चिंध्यांत मांजराचा वास मुरलेला असतो आणि नखं रुतायला तीच जागा सगळ्यांत सोयीची असते. आतला पाइप उघडा पडला की खालच्या अर्ध्या भागाची जुनी दोरी तशीच ठेवून वरचा भाग नव्या दोरीने गुंडाळा, आणि उरलेला भाग पुढच्या महिन्यात.